तोफ चालू होती

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कांदा आहे, दूध आहे, शेतीपंपाची वीज आहे आणि शेवटच्या ओळीत एका एकवीस वर्षांच्या पोराचे नाव आहे. ती ओळ वाचून काही कार्यकर्त्यांनी विचारले, हा अरुण खेत्रपाल कोण? कोणत्या तालुक्यातला? तो आपल्या कोणत्याच तालुक्यातला नाही. पंजाबी घरातला, फौजेतल्या बापाचा मुलगा. त्याच्या घरचा सातबारा आपल्या जिल्ह्यात कधी नव्हता.

लढणाऱ्यांची आपल्याकडे वानवा आहे असेही नाही. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव मराठा पलटणीत साधे शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदीच्या काठी त्यांनी एकेक करून दोन जखमी सोबती पाठीवर घेतले, नदी आणि पुढचा सुरुंगांचा पट्टा ओलांडून त्यांना सुखरूप आणले आणि मग परत फिरून शत्रूच्या मशीनगन गप्प केल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जिवंत घरी आले आणि १९८४ साली वारले. त्यांच्यावर कधीतरी वेगळे बोलू.

आज खेत्रपालवर बोलायचे, कारण त्याचे शेवटचे शिक्षण आपल्या नगरला चालू होते आणि ते अर्धे टाकून तो युद्धावर गेला. ज्या रणगाड्यात तो मेला तो रणगाडाही आज नगरलाच आहे, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलच्या आवारात. कांद्याची गोणी घेऊन नेप्तीच्या बाजारात आपण किती वेळा जातो, पण या रणगाड्याची गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. दुसरेही कारण आहे. दर वर्षी १६ डिसेंबरला शाळाशाळांतून विजय दिवसाची भाषणे होतात आणि त्यांत 'हसत हसत प्राण दिले' असे एक वाक्य येते. आम्हाला ते वाक्य खटकते. कोणी हसत हसत मरत नाही. माणूस काहीतरी ठरवतो आणि ते ठरवण्याची किंमत म्हणून मरतो. काय ठरवले, कोणत्या वेळी ठरवले, दुसरा रस्ता मोकळा होता की नव्हता, हे विचारले तरच त्या मरणाचा मान राहतो.

शेतकऱ्याला ही गोष्ट सांगावी लागू नये. १९६५ साली शास्त्रीजींनी 'जय जवान, जय किसान' म्हटले. तेव्हा एका अंगाला पाकिस्तानशी युद्ध होते आणि दुसऱ्या अंगाला अमेरिकेच्या गव्हाची वाट पाहणारा देश होता. शास्त्रीजींची कळकळ खरी होती. आठवड्यातले एक जेवण सोडा असे लोकांना सांगण्याआधी त्यांनी ते स्वतःच्या घरात सोडले. पण पुढे या घोषणेचे काय झाले ते आपण पाहतो आहोत. किसानाचा जयजयकार झाला की भावाचे विचारायचे नाही, जवानाचा जयजयकार झाला की त्याच्या घराचे विचारायचे नाही. ज्याची आरती मोठी त्याचा हिशेब मागे पडतो. म्हणून आज आरती बाजूला ठेवून हिशेबाने बोलू.

अरुणचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा, पुण्यातला. वडील मदनलाल खेत्रपाल लष्करात इंजिनिअर अधिकारी होते, पुढे ब्रिगेडियर झाले. घराणे मूळचे सरगोध्याचे. फाळणीत सरगोधा पलीकडे गेले आणि ही माणसे अलीकडे आली. (सरगोध्याबद्दल शेतकी शिकलेल्या माणसाला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. झेलमच्या कालव्याखाली इंग्रजांनी तिथे नवी वसाहत केली तेव्हा पुष्कळ जमीन या अटीवर दिली, की शेतकऱ्याने घोडी पाळायची आणि तिची पैदास फौजेला पुरवायची. पाणी हवे तर फौजेचे घोडे वाढवा! शेती आणि फौज यांची दावण अशी जुनी आहे.) अरुण सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये शिकला, १९६७ साली खडकवासल्याच्या प्रबोधिनीत दाखल झाला, तिथून डेहराडूनला गेला आणि १३ जून १९७१ ला सेकंड लेफ्टनंट म्हणून १७ पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये रुजू झाला.

पूना हॉर्स हे नाव आपल्या मुलखाचे आहे. १८१७ साली इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाला तहात बांधून त्याच्याच खर्चाने जे घोडदळ उभे केले, त्यातून ही रेजिमेंट आली. म्हणजे स्वतःला बांधून घेण्याचा खर्चसुद्धा पेशवाईने आपल्या पणजोबांच्या साऱ्यातून दिला. पुढे घोडे गेले, रणगाडे आले. १९६५ च्या युद्धात याच रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सियालकोटच्या बाजूला लढताना गेले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. सहा वर्षांनी अरुण आला तो या रेजिमेंटमध्ये.

नव्या अधिकाऱ्याला रणगाडा पुरता शिकायचा तर नगरला यावे लागते. १९७१ च्या त्या हिवाळ्यात अरुण इथे यंग ऑफिसर्सच्या कोर्सला होता. रणगाड्यावरचे शिकाऊ अधिकारी गोळाफेक शिकतात ती आपल्या खारे कर्जुन्याच्या माळावर, जिला सगळे के. के. रेंज म्हणतात. तो माळ काय आहे हे इथे बसलेल्या नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतल्या मंडळींना सांगायला नको. आम्ही राहुरीला कृषी विद्यापीठात शिकत होतो तेव्हा वारा त्या अंगाचा असला की तोफांचा आवाज यायचा. त्या माळासाठी जमिनी गेल्या. अजून किती गावे त्यात घेणार या धास्तीत तिथल्या माणसांनी वर्षे काढली. २०२० साली तर तो प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. न फुटलेला गोळा भंगारासाठी उचलताना माणसे दगावली आहेत. हे सगळे खरे आहे आणि त्याचे भांडण आपण भांडतोच. पण त्याच माळाबद्दल हेही खरे आहे, की रणगाड्यातला देशाचा तरुण अधिकारी आपल्या जमिनीवर नेम धरायला शिकतो. त्याला त्या जमिनीच्या मालकाचे नाव माहीत नसते. आपल्यालाही त्याचे नाव माहीत नसते. निदान एकाचे तरी आज माहीत करून घेऊ.

३ डिसेंबर १९७१ ला युद्ध सुरू झाले. कोर्स थांबला आणि पोरे आपापल्या रेजिमेंटकडे पाठवली गेली. अरुण नगरहून दिल्लीमार्गे आघाडीवर गेला. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. सामानात त्याने गोल्फच्या काठ्या आणि समारंभात घालायचा निळा पोशाख घेतला होता. कोणी विचारले तर म्हणे, लाहोरला गोल्फ खेळायचे आहे आणि जिंकल्यावर मेजवानीला चांगले कपडे नकोत का? ही गोष्ट ऐकून आम्हाला त्याचे वय जाणवते. आपल्या घरातला एकवीस वर्षांचा पोरगा असाच बोलतो. त्याच्या नोकरीला सहा महिने होत होते. शिक्षण पुरे झाले नव्हते. रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हनुत सिंग हे फार कडक शिस्तीचे. अशा अर्धशिक्षित पोराला रणगाडा देऊन पुढे पाठवायला ते सहज तयार होणारे नव्हते. अरुणला आपण लायक आहोत हे आधी दाखवावे लागले.

आता लढाईकडे येऊ, आणि इथे थोडे सावकाश जाऊ.

शकरगढ हा पाकिस्तानचा भाग नकाशावर आपल्या अंगावर फुगून आला आहे. पठाणकोटहून जम्मूला जाणारा रस्ता त्याच्या तोंडाशीच. तो रस्ता तुटला तर जम्मू-काश्मीरची वाट तुटते. म्हणून त्यांची वाट न बघता आपल्याच फौजेने आत शिरायचे ठरवले. आत शिरताना बसंतर नदी लागते. ही शिवालिकच्या डोंगरांतून येणारी, पावसाळ्यात दांडगी आणि हिवाळ्यात वाळूत रोडावलेली नदी. तिच्या काठाची जमीन वाळू आणि पोयट्याची. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात ट्रॅक्टर रुततो तसे तिथे ओलीत रणगाडे रुततात. सेंच्युरियन रणगाडा म्हणजे साधारण पन्नास टनांचे धूड. आपला ट्रॅक्टर पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा, याचे इंजिन सहाशेच्या वरचे, तेही पेट्रोलवरचे. पेट्रोलचे हे ध्यानात ठेवा. आत चार माणसे, त्यांच्या अंगाला लागून तोफेचे गोळे आणि मागे पेट्रोल.

नदीच्या दोन्ही अंगांना पाकिस्तानने सुरुंग पेरले होते. ती सगळी शेते होती. पंजाबच्या त्या पट्ट्यात डिसेंबरात गहू वीतभर वर आलेला असतो. सुरुंग पेरणाऱ्याला त्याची फिकीर नसते, कोणत्याच देशात नसते. २००१-०२ साली सीमेवर फौजा उभ्या राहिल्या तेव्हा आपल्या बाजूच्या पंजाब-जम्मूच्या शेतकऱ्यांनीही हेच भोगले. रान पेरलेले, आणि मालकाला बांधावर जायची बंदी.

१५ डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळाने बसंतर ओलांडून पलीकडे पाय रोवला. रोवला म्हणजे नुसता बंदुकांच्या बळावर. त्यांच्या मदतीला रणगाडे जायचे तर आधी सुरुंग काढून वाट करायला हवी. इंजिनिअरांचे काम निम्म्यावर आले होते, तेवढ्यात पलीकडून निरोप आला, शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसते आहे. आता थांबायचे की निघायचे? वाट पुरी साफ होईपर्यंत थांबावे तर पलीकडची माणसे चिरडली जातील. पूना हॉर्सने थांबायचे नाही असे ठरवले. सुरुंग असतील तसे असोत म्हणून रणगाडे अंधारात त्या पट्ट्यातून निघाले आणि उजाडेपर्यंत पायदळाला जाऊन मिळाले.

१६ डिसेंबरला सकाळी आठच्या सुमाराला धुराचा पडदा करून पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन रणगाडे जरपाल गावाजवळ चालून आले. आपल्या ज्या तुकडीवर ते आले ती संख्येने अपुरी होती. तिच्या प्रमुखाने वायरलेसवर मदत मागितली. जवळ असलेल्या दुसऱ्या तुकडीतून अरुण आपले रणगाडे घेऊन निघाला. बोलावणे त्याच्या नावाने आलेले नव्हते, ज्याला ऐकू आले आणि जो जवळ होता त्याने जायचे. वाटेतच शत्रूच्या ठाण्यांतून मारा सुरू झाला. त्याने ती ठाणी चिरडली, तिथले सैनिक पिस्तुलाच्या धाकाने कैद केले. त्यात त्याच्या बरोबरच्या एका रणगाड्याचा प्रमुख मारला गेला. तरी तो थांबला नाही.

पुढची झुंज अगदी जवळून झाली. शेवटी आपल्या बाजूचे तीन रणगाडे पुढे उरले. कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अहलावत आणि अरुण. अहलावतांच्या रणगाड्याला गोळा लागला, ते जखमी झाले. मल्होत्रांच्या रणगाड्याची तोफ अडली. राहिला अरुणचा रणगाडा. त्याचे नाव 'फामागुस्ता'. त्यालाही गोळा लागला आणि आग लागली. वायरलेसवरून वरिष्ठांनी त्याला रणगाडा सोडून बाहेर यायला सांगितले. अरुणने नाही म्हटले. त्याचे कारण त्याने एका वाक्यात सांगितले: माझी मुख्य तोफ अजून चालू आहे. पुढे शत्रूला एक शिवीही दिली, तिचा तर्जुमा सभेत करत नाही.

भावांनो, सगळी गोष्ट या उत्तरात आहे, म्हणून इथे जरा थांबू. त्याला बाहेर यायची परवानगी नव्हे, सूचना होती. तो बाहेर आला असता तर त्याच्यावर कोणी बोट ठेवले नसते. अर्ध्या कोर्सवरून आलेला, सहा महिने नोकरी झालेला पोरगा, तोवर शत्रूचे रणगाडेही उडवलेला. सन्मानाने परत येण्याइतके काम त्याचे झाले होते. पण समोर पॅटन चालून येत होते, डाव्या-उजव्या हाताला चालणारी तोफ दुसरी नव्हती, आणि पाठीमागे पायदळ होते. खड्ड्यात बसलेले, हातात बंदूक, डोक्यावर लोखंडी टोप, बस. रणगाडा पायदळात घुसला म्हणजे काय होते ते, उभ्या पिकात रोटाव्हेटर घातलेला ज्याने पाहिला त्याला कळेल. अरुणने देशाचा, इतिहासाचा, घराण्याच्या नावाचा विचार त्या क्षणी केला असेल असे आम्हाला वाटत नाही. त्या धुरात तेवढी सवड नसते. तोफ चालू आहे एवढे त्याला माहीत होते आणि ती बंद पडेपर्यंत ती सोडायची नाही एवढे त्याने ठरवले.

त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे बाद झाले. त्यांतले चार अरुणच्या नावावर आहेत. शेवटचा रणगाडा त्याच्यापासून शंभर मीटरपर्यंत येऊन पोचला होता. आपल्या दुधाच्या डेअरीपासून मारुतीच्या देवळाइतका. त्यानंतर फामागुस्ताला दुसरा गोळा लागला आणि अरुण गेला. वय एकवीस वर्षे, दोन महिने, दोन दिवस. नोकरी सहा महिने, तीन दिवस. शत्रूला फळी फोडता आली नाही.

रणगाड्यात तो एकटा नव्हता, हे आवर्जून सांगायला हवे. चालवायला प्रयागसिंग, तोफेवर नथूसिंग, वायरलेस आणि गोळे भरायला नंदसिंग. हे तिघे सवार, म्हणजे सगळ्यांत खालच्या पायरीचे. अधिकाऱ्याने 'मी रणगाडा सोडणार नाही' म्हटले तेव्हा ते वाक्य चौघांच्या वतीने होते. जळत्या रणगाड्यात नेम धरणारा हात नथूसिंगचा होता. नंदसिंग तिथेच गेला. दोघे वाचले. परमवीर चक्र एकाला मिळते, ते तसेच मिळणार, पण सभेत नावे चारही घ्यावीत.

त्याच दिवशी दुपारी ढाक्याला पाकिस्तानच्या फौजेने शरणागती लिहून दिली. पश्चिमेकडची लढाई दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला संध्याकाळी थांबली. दीड दिवसाने हुकले. १७ लाच सांब्याजवळ अरुणवर अंत्यसंस्कार झाले. घरी मात्र त्याचा पत्ता नव्हता. युद्ध थांबले, आता पोरगा येईल, या समजुतीत घर होते. तार पोचायला आणखी दिवस गेले. ज्या घरातून फौजेत माणूस आहे त्या घराला त्या मधल्या दिवसांचा अर्थ सांगावा लागत नाही. २६ जानेवारी १९७२ ला मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झाले. तोवरच्या परमवीरांत तो वयाने सर्वांत लहान होता. हे त्याचे लहानपण पुढे १९९९ साली कारगिलच्या योगेंद्रसिंग यादवांनी मोडले. ते एकोणीस वर्षांचे होते आणि सुदैवाने वाचले.

आता शेतकरी म्हणून आपल्या मनात येणारा प्रश्न. मिळाले काय? जरपालचे ते रान आज कोणाकडे आहे? पाकिस्तानकडे. शकरगढची जिंकलेली जमीन १९७२ च्या सिमला करारानंतर परत गेली. कोणी म्हणेल, मग पोराचे मरण वाया गेले. आपण जमिनीवर जीव टाकणारी माणसे, आपल्याला हे चटकन लागते. पण अरुणने हिशेब जमिनीचा केला नव्हता. त्याच्या मागे जी माणसे पायी होती त्यांतली शेकडो घरी गेली, त्यांची लग्ने झाली, त्यांनी पेन्शन खाल्ली, नातवंडे खेळवली. ते कोणत्या करारात परत गेले नाही. जमिनीचे काय करायचे ते राज्यकर्त्यांनी ठरवले, तो अधिकार त्यांचा होता आणि त्यावर वाद घालायचा तर त्यांच्याशी घालावा. पोराने ठरवले ते पोराच्या हातातले होते.

दुसऱ्या बाजूबद्दलही दोन शब्द. त्याच जरपालला दुसऱ्या दिवशी पाकिस्तानच्या ३५ फ्रंटियर फोर्सचे लेफ्टनंट कर्नल मोहम्मद अक्रम राजा आपल्या माणसांच्या पुढे चालत हल्ल्यावर आले आणि मारले गेले. त्यांच्या शौर्याची शिफारस लिहून दिली ती आपल्या ३ ग्रेनेडियर्सच्या प्रमुखांनी, लेफ्टनंट कर्नल व्ही. पी. एअरी यांनी. ज्यांनी लढाई केली ते शत्रूला माणूस म्हणू शकतात. चौकात बसून युद्ध मागणाऱ्यांना ते जमत नाही, असे आमचे निरीक्षण आहे.

आणि २००१ साली काय झाले ते ऐका. अरुणचे वडील ब्रिगेडियर खेत्रपाल ऐंशी ओलांडलेले. मरण्याआधी एकदा सरगोध्याचे जुने घर पाहावे अशी त्यांची इच्छा. आपल्याकडे धरणात बुडालेल्या गावची म्हातारी माणसे उन्हाळ्यात पाणी ओसरले की देवळाचा कळस बघायला जातात, तशी. कारगिलला दोनच वर्षे झाली होती, तरी ते गेले. लाहोरला त्यांचे यजमान होते पाकिस्तानचे निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. नासेर आणि त्यांच्या घरच्यांनी या पाहुण्याची इतकी सरबराई केली, की म्हाताऱ्याला नवल वाटले. निघण्याच्या आदल्या रात्री नासेरांनी सांगितले, की १६ डिसेंबर १९७१ ला जरपालला १३ लान्सर्सच्या रणगाड्यांत मी होतो आणि तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. त्याच्या धैर्याला त्यांनी मनापासून मान दिला. सैनिक बापाने ते ऐकून घेतले. तीस वर्षे नासेर ते मनात घेऊन फिरत होते. बाप दुसऱ्या दिवशी परत आला. यावर आम्ही काही भाष्य करणार नाही. श्रीराम राघवन यांनी अरुणवर 'इक्कीस' नावाचा हिंदी चित्रपट केला आहे, तरुण पोरांनी तो जरूर पाहावा. पण चित्रपट पाहून आले की नगरला रणगाडा संग्रहालयही पाहा. १९९४ पासून ते आपल्या उशाशी आहे आणि मुंबईची माणसे तिथे आपल्यापेक्षा जास्त येतात.

शेवटी आपल्या घरचे.

आपल्या जिल्ह्यात दोन-तीन एकर जिराईत असलेल्या घरातला एक भाऊ शेत बघतो आणि दुसरा पहाटे रस्त्यावर पळतो. तो पळतो तो भरतीसाठी. २०२२ सालापासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होऊ लागली. घोषणेप्रमाणे नोकरी चार वर्षांची, आणि चौघांतल्या फार तर एकाला पुढे कायम करायचे. कर्तव्यावर मरण आले तर ४८ लाखांचा विमा आणि ४४ लाखांची सानुग्रह रक्कम धरलेली आहे, पण नियमित जवानाच्या घराला मिळते तसे कुटुंब निवृत्तिवेतन धरलेले नव्हते. २०२३ साली सियाचीनला एक अग्निवीर गेला, तो बुलढाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातला होता. रक्कम लहान नाही, हे कबूल. पण एकरकमी पैसा आणि महिन्याची पेन्शन यांतला फरक बागाईतदारालाही कळतो आणि जिराईतवाल्याला तर जास्तच कळतो. सुरुंगाच्या पट्ट्यातून जाताना चार वर्षांचा जवान आणि वीस वर्षांचा जवान असा भेद सुरुंग करत नाही. हा मुद्दा आपल्या ठरावात घ्यावा असे आम्ही सुचवतो.

आणि दिल्लीची वाट न पाहता आपल्याला आजच करता येईल असे एक काम आहे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी युद्धात किंवा कर्तव्यावर गेलेल्या जवानांच्या घरी जाऊन एवढेच विचारायचे, की वारस नोंद झाली का? जवानाने पगारातून घेतलेला एकर-दीड एकर तुकडा वर्षानुवर्षे त्याच्याच नावावर राहतो. गावच्या वेशीला त्याच्या नावाची कमान असते आणि सातबारावरही तोच असतो. मग सोसायटीचे कर्ज अडते, पीकविमा अडतो. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी असा कायदा आहे. उशीर झाला असला तरी नोंद होते. गाव नमुना सहा-क मध्ये वारसांची नावे चढली पाहिजेत. हिंदू वारसा कायद्याने बायको, मुले आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस, वडील त्यात येत नाहीत. सुनेचे आणि सासूचे भांडण इथेच लागते, तेव्हा दोघींना एकत्र बसवून समजावा, कोणा एकीची बाजू घेऊन येऊ नका. मृत्यूचा दाखला आणि पलटणीचे पत्र घरात सापडत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, कागद कुठून मिळवायचा ते तिथे सांगतात. याद्या तालुकाप्रमुखांकडे द्याव्यात. कांद्याच्या ठरावाच्या कागदालाच मागच्या बाजूने तक्ता छापला आहे, त्यात गाव, गट नंबर आणि घरातल्या कर्त्या बाईचे नाव भरायचे.